आईकडून आलेलं

माझा नवरा याव, मेलेल्यांचा डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "बरं झालं, पेशंट घरी येऊन डोकं खाणार नाहीत." पेशंट आले नाहीत खरे, पण त्यांची लिव्हरं आली. जेवताना, झोपताना, चर्चमधून परतताना यावच्या तोंडी तोच विषय. आमच्याकडची धडधाकट माणसं चाळिशीत पोट फुगून, डोळे पिवळे होऊन दोन महिन्यांत का जातात, हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. आमच्या कुमासी शहरातल्या मेडिकल कॉलेजात त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोरं शिकवली, प्रोफेसरचा झगा मिळवला, जिनिव्हाला जाऊन भाषण केलं. कारण सापडलं होतं. एक विषाणू. बाळंत होताना आईकडून बाळात जातो आणि चाळीस वर्षं चकार शब्द न काढता बसून राहतो.

जिनिव्हाला जाऊन सांगितलं, पण दीड तासावरच्या आपल्या गावात काही सांगितलं नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा तो थकला होता. दिवसभर रांगेत उभं राहावं आणि आपली पाळी येताच खिडकी बंद व्हावी, तसा चेहरा झाला होता त्याचा. त्यातच धाकट्या दिराचं, सार्फोचं पोट फुगलं.

सार्फो सुआमेच्या बाजारात गाड्यांचे सुटे भाग विकायचा. याव वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागलेला, "एकदा रक्त तपासून घे." सार्फो दुकानात सगळ्यांदेखत म्हणायचा, "दादा, मी जिवंत आहे रे अजून. तुझ्या टेबलावर येईन तेव्हा काय ते तपास." सगळे हसायचे, मीही हसायचे. पोट फुगल्यापासून दीड महिन्यात तो गेला. त्याच्या आधी थोरला दीर अंत्वी असाच गेला होता. आता उरले याव आणि बहीण अफ्राकोमा.

एका आईचे दोन मुलगे एकाच आजारानं गेले की आमच्यात तो आजार राहत नाही, चेटूक ठरतं. चेटकीण परक्या घरच्याला खाऊ शकत नाही, ती आपल्याच रक्ताच्या माणसाला खाते. आणि रक्त येतं आईकडून. बाप देतो तो आत्मा. त्यामुळे मी, माझी मुलं, सार्फोची बायको, आम्ही सगळे संशयाबाहेर. बोट गेलं ते माझ्या सासूबाईंकडे. अफ्राकोमाला कुणा प्रार्थनावाल्या बाबानं सांगितलं होतं, "पांढऱ्या केसांची बाई आहे, तुमच्याच घरात, दाराशी बसते."

"ऐंशीच्या वर गेलेल्या बाईनं दाराशी नाही तर काय झाडावर बसायचं?" मी म्हटलं.

"वहिनी, तू आमच्या घरची नाहीस. गप्प बस," ती म्हणाली.

सासूबाईंनी शेंगदाण्याचं सूप केलं तर नातवंडांपुढून वाडगे उचलले जाऊ लागले. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चूल पेटवणंच सोडलं.

प्रेतावर हक्क आईकडच्या घराण्याचा, आणि घराण्याचे प्रमुख म्हणजे यावचे मामा, द्वोमोमामा. याव दारूची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेला, कारण बाटली पुढे ठेवल्याशिवाय मामा विषयाला हात घालू देत नाहीत. मी सोबत होते.

"मामा, सार्फोला उघडून पाहू द्या."

"तू उघडणार?"

"माझी विद्यार्थिनी उघडेल. भावावर माझा हात नाही चालणार."

मामांनी बाटली खुर्चीखाली सरकवली. "उघडा. पण मग सगळ्यांसमोर सांगायचं, कोणी मारलं ते."

"कशानं मारलं ते सांगीन."

"तेच ते."

ते तेच नव्हतं, पण याव वाद घालायच्या पलीकडे गेला होता. परत येताना गाडीत मी विचारलं, "काय सांगणार आहेस?"

"खरं."

"म्हणजे 'आईकडून आलं' म्हणणार? त्या लोकांपुढे? त्या घरात एक दिवस राहू देतील का आईंना?"

"मग काय सांगू?"

"सांग दारूनं गेला. सार्फो काही उठून भांडायला येत नाही."

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "दुफी, अफ्राकोमाला तीन मुलं आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोटं बोलला तर त्या तिघांचं रक्त कोणी तपासणार नाही. खरं बोलला तर आईचं घर जाईल.

शनिवारी घराच्या अंगणात सगळे जमले, दुखवट्याच्या काळ्या-तांबड्या कपड्यांत. सासूबाई दाराशीच बसल्या होत्या. यावनं वर्गात शिकवतात तसं सुरू केलं. लिव्हर कसं दगडासारखं झालं होतं, आत गाठी कशा होत्या. आणि मग, परीक्षेला येणारं वाक्य सांगावं तसा म्हणाला, "हा आजार जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो."

मामा सावकाश अंगणाकडे वळले. "ऐकलंत? प्रोफेसरनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आईकडून."

"मी कधीची बोंबलतेय!" अफ्राकोमा किंचाळली.

"अगं, आईला माहीतसुद्धा नाही!" याव म्हणाला. "तिलाही बहुतेक तिच्या आईकडूनच..."

"म्हणजे आजीपण चेटकीण!" मागून कोणीतरी म्हणालं. "आणि कित्येकींना स्वतःला पत्ता नसतो, हे आम्हाला काय नवीन आहे?"

तीस वर्षांचं संशोधन त्या लोकांनी एका दमात समजून घेतलं होतं, आणि ते सगळं सासूबाईंच्या अंगावर शेकलं. यावनं डोळे मिटले. मग खिशात हात घातला आणि गोळ्यांची डबी काढून वर धरली.

"हे माझ्याही अंगात आहे. रोज एक गोळी घेतो, म्हणून उभा आहे. चेटूक गोळीनं थांबतं का?"

ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक होती. प्रयोगासाठी निरोगी माणसाचं रक्त हवं म्हणून त्यानं एकदा स्वतःचं घातलं होतं, आणि नेमकं तेच निरोगी निघालं नव्हतं. त्याच दिवशी त्यानं मला घाईघाईनं लस टोचून घ्यायला लावली होती.

मामांनी विचारलं, "तू गोळी खात होतास, आणि सार्फोला सांगितलं नाहीस?"

"तपासून घे म्हणत होतो, मामा. दरवेळी."

"'मला आहे' असं म्हणालास का?"

यावनं डबी परत खिशात घातली. 'मला आहे' म्हटलं असतं तर सार्फोनं 'कुठून आलं' विचारलं असतं, आणि बोट आईकडे गेलं असतं. आईला वाचवायला तो गप्प राहिला आणि भाऊ गेला. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. "याव, माझ्या दोघांना मीच दिलं?"

"आई, तुला काय माहीत होतं..."

"ते नाही विचारत. दिलं का?"

"हो."

त्यांनी मान हलवली, आत जाऊन कापडं गुंडाळली आणि आमच्या गाडीत येऊन बसल्या. कोणी अडवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात अफ्राकोमा हॉस्पिटलात आली, तिन्ही मुलांना घेऊन. भावाला शिव्या घालत आली, पण आली. धाकटे दोघे सुटले. अफ्राकोमात आणि थोरल्या पोरीत सापडलं, आणि वेळेत सापडलं. दोघींना गोळी सुरू झाली.

आमच्याकडे सासूबाई चुलीजवळ फिरकत नसत. मी म्हणायचे, "आई, सूप करा ना." त्या म्हणायच्या, "कोण खाणार माझ्या हातचं?" एका सकाळी याव गोळी तोंडात टाकणार, तेवढ्यात त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हीच ती?"

"हीच."

"ही थांबवते?"

"हो."

"आण इकडे. मी देते."

साठीला आलेल्या माझ्या नवऱ्यानं पोरासारखा आ केला. मी भांडी घासायच्या निमित्तानं पाठ फिरवली. तेव्हापासून रोज त्याच देतात. उठायला उशीर झाला तर त्याच्या नावानं शंख करतात.

परवा अफ्राकोमाचा फोन आला. "वहिनी, पोरगी गोळी घेत नाही. खिडकीतून फेकते. माझं ऐकत नाही, बापाचं ऐकत नाही." मग म्हणाली, "आजीचं लहानपणी ऐकायची."

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या हातचं चालेल का तुला?" त्यांनी लेकीला विचारलं.

सासूबाई फोन कानाला लावून तशाच उभ्या राहिल्या. मग पलीकडून 'हो' आलं असावं, कारण त्यांनी फोन मला परत दिला आणि कापडं गुंडाळायला घेतली.

"गावची गाडी कधी आहे तेवढं बघ," त्या म्हणाल्या. "आणि यावला म्हणावं, गोळी विसरू नकोस."