बावखलाकडे वळणारा चेंडू

आमच्या भुईगावच्या क्रिकेट क्लबातून कुणाला काढून टाकत नाहीत. त्याला खुर्ची देतात. निळी, प्लास्टिकची, पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव लिहिलेली. ती मैदानाच्या कडेला चिंचेखाली मांडली, की माणूस सल्लागार झाला. मग त्याने खेळायचं नाही, नुसतं बोलायचं. सध्या मैदानावर अकरा जण असतात आणि चिंचेखाली त्याहून जास्त.

माझ्या नवऱ्याला, ॲन्सेल्मला, ती खुर्ची नको होती.

ॲन्सेल्म पन्नाशीला टेकलाय, पतपेढीत नोकरी करतो आणि शाळेत असल्यापासून लेगस्पिन टाकतो. म्हणजे लेगस्पिन टाकतो असं तो म्हणतो. मनगट वळायचं, बोटं वळायची, जीभसुद्धा ओठाच्या कडेला वळून बाहेर यायची. चेंडू मात्र रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघालेल्या म्हाताऱ्यांसारखा सरळ आणि सावकाश जायचा. बॅट्समन त्याला नारळाच्या झाडांपलीकडे पोचवायचे.

जानेवारीत क्लबाचा कॅप्टन एरॉल घरी आला. वयाने लहान, म्हणून आधी कॉफी घेतली, माझ्या फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, कौतुक केलं, आणि मग छताकडे बघत म्हणाला, "अंकल, ईस्टरनंतर मनवेलपाड्याबरोबर मॅच आहे. ती खेळा तुम्ही. विकेटी मिळाल्या तर पुढच्या सीझनला टीममध्ये. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"गॉडफ्रे अंकलनी पेंट आणलाय."

गॉडफ्रे म्हणजे चिंचेखालचा सगळ्यात जुना सल्लागार. उभ्या जन्मात त्याने काय रन काढले ते कुणालाच आठवत नाही, पण बाकीच्यांचं काय चुकतं ते त्याला पाठ असतं. पेंट त्यानेच आणला होता, वर ब्रशही नवा.

त्या दिवसापासून ॲन्सेल्म सुधारायला लागला. क्लबाकडे मॅट आहे, पण ती मॅचपुरतीच अंथरतात. एरवी मॅट झिजेल म्हणून गुंडाळून कुलपात असते आणि किल्ली गॉडफ्रेकडे. तेव्हा ॲन्सेल्मने आमच्या अंगणात सराव सुरू केला. गेल्याच उन्हाळ्यात अंगणात सिमेंट घातलं होतं. ओट्याकडून धावत यायचं, फाटकाशी रोवलेल्या काठ्यांवर चेंडू टाकायचा. डाव्या हाताला आमचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं जुनं तळं. फोनवर परदेशातला कुणी कोच अनामिकेने चेंडू कसा सोडायचा ते सांगत असायचा आणि आमचा ॲन्सेल्म दाराची कडी लावल्यासारखी बोटं फिरवत त्याच्यासमोर उभा.

आणि काय सांगू, चेंडू वळायला लागला! उजवीकडे टप्पा पडायचा आणि डावीकडे असा पळायचा, की काठ्यांना वळसा घालून थेट बावखलात. आमची एलिसा कॉलेजला जायच्या आधी आंबे काढायच्या झेल्याने चेंडू बाहेर काढून द्यायची.

"मम्मी, डॅडी ना, डेंजर झालाय," ती म्हणायची.

मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस रविवारी संध्याकाळी न बोलता जेवायचा. आता ताटावर बसून मला मोसंब्याने लेगब्रेक समजवायला लागला. मला क्रिकेटातलं फारसं कळत नाही, पण नवरा हसतो ते कळतं.

बातमी चिंचेखाली गेली. रविवारी मिस्सा सुटल्यावर सल्लागार मंडळ खुर्च्यांसकट आमच्या अंगणात आलं. ॲन्सेल्मने एक चेंडू टाकला. बावखलात. दुसरा टाकला. बावखलात.

"मनगट!" गॉडफ्रे ओरडला. "मी म्हणत होतो ना, मनगट!"

"मनगट कसलं? धाव कमी केली म्हणून," रॉबर्ट म्हणाला. तोही सल्लागारच. "गेल्या नाताळात मीच सांगितलं होतं."

"नाताळात तू शुद्धीत होतास का?"

मग ॲन्सेल्मने गुगली टाकली. गुगली म्हणे उलट्या बाजूला वळते. तीही बावखलात गेली. गॉडफ्रे मान हलवत म्हणाला, "काय लपवलीय गुगली! अगदी लेगब्रेकसारखी वळवली."

एलिसाने वरच्या गॅलरीतून हे सगळं फोनमध्ये घेतलं आणि 'भुईगावचा जादूगार' म्हणून पाठवलं. तो व्हिडिओ भुईगावातून वसईत, वसईतून विरारला आणि विरारहून मनवेलपाड्यात कधी पोचला ते कळलंच नाही. एरॉलचा फोन आला की मनवेलपाड्याची मुलं घाबरलीत. त्यांचा हर्षवर्धन नावाचा एक जोरदार बॅट्समन आहे, तो रोज मित्राकडून वळणारे चेंडू टाकून घेतोय.

मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी अंगण धूत होते. बादली ओतली. पाणी ओट्याकडून निघालं, थोडं पुढे गेलं, डावीकडे झुकलं आणि बावखलाकडे चालू लागलं.

मी बादली खाली ठेवली. तो उतार मीच काढून घेतला होता. दर पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाणी शिरायचं, म्हणून सिमेंट घालताना मी गवंड्याच्या डोक्यावर उभी राहून सांगितलं होतं, "भाऊ, थेंबसुद्धा घराकडे नको. सगळं बावखलाकडे." गवंडी भला माणूस. त्याने असा उतार काढला की डोळ्याला दिसू नये आणि पाण्याला चुकू नये.

झाडाखाली लिंबू पडलं होतं. मी ते उचललं, ओट्यापासून हळूच सोडलं. ते जरा सरळ गेलं, मग डावीकडे वळलं आणि टुबुक.

"ते लिंबू कोणी टाकलं?"

ॲन्सेल्म दारात उभा होता, हातात चेंडू.

"मी."

"परत टाक."

मी दुसरं उचललं, सोडलं. तेही वळलं. खरं सांगायचं तर त्याच्या चेंडूपेक्षा छान वळलं.

तो बावखलाच्या काठापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "लिंबाला मनगट नसतं."

तो ओट्यावर बसला. मी बाजूला बसले.

"म्हणजे माझं काहीच सुधारलं नाही."

"पोट जरा कमी झालंय."

"कार्मिन, हे अंगण सपाट करता आलं नसतं होय?"

"मग पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात तांदळाची सान्नं वाफवली असतीस तू."

तो हसला नाही. चेंडूची शिवण अंगठ्याने चाचपत राहिला. म्हणाला, "एरॉलला सांगतो, नाव काढ माझं."

"सांग. आणि बस जाऊन गॉडफ्रेच्या शेजारी. तुझ्या मनगटाविषयी तो काय बोलतो ते रोज ऐक."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग उठला आणि पांढरी पँट इस्त्रीला काढली.

मैदान आमचं मिठागरासारखं सपाट. चिंचेखाली खुर्च्यांची रांग लागली होती आणि टोकाला एक नवी कोरी, मैदानाकडे पाठ करून ठेवलेली. नाव दिसत होतं. 'ॲन्सेल्म'. पेंट वाळला होता.

मनवेलपाड्याची मुलं आली. हर्षवर्धन उंच, चष्मेवाला, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याने मॅचआधी येऊन ॲन्सेल्मबरोबर फोटो काढला. "सर, तुमचा व्हिडिओ मी स्लो करून बघितला. रिस्ट दिसतच नाही!"

ॲन्सेल्म म्हणाला, "मलाही."

आमच्या मुलांनी बऱ्यापैकी रन केले. मग मनवेलपाड्याची बॅटिंग. हर्षवर्धन सुटलाच होता. एरॉलने चेंडू ॲन्सेल्मच्या हातात दिला. मी एलिसाचा हात धरला होता, तिचं म्हणणं मी चिमटा काढत होते.

ॲन्सेल्म धावत आला. मनगट वळलं, बोटं वळली, जीभ वळली. चेंडू मधल्या स्टंपासमोर पडला. आता हा वळून बाहेर जाणार, हे हर्षवर्धनला पक्कं माहीत होतं. त्याने मोठ्या दिमाखात बॅट खांद्यावर घेतली आणि चेंडू सोडून दिला. चेंडू आपल्या जुन्या सवयीप्रमाणे सरळ गेला आणि मधला स्टंप घेऊन गेला.

पुढचा आला, त्याने वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट हातभर बाहेर नेली. चेंडू बॅट आणि पायाच्या मधून आत. त्यानंतरचा इतका पुढे आला, की यष्टीरक्षकाने त्याला निवांत बाद केलं. ज्याने ज्याने व्हिडिओ बघितला होता, तो तो गेला. शेवटी त्यांच्यातले एक काका आले, सुधाकर म्हणून, माणूस कमी पडला म्हणून घेतलेले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यांनी ॲन्सेल्मला लागोपाठ नारळांपलीकडे धाडलं. पण दुसऱ्या टोकाला कुणी उरलं नाही, म्हणून आम्ही जिंकलो.

हर्षवर्धन धावत आला. "सर, तो सरळ कसा काढला? प्लीज, कुणाला नाय सांगणार."

"बाबा रे, तो सरळच जातो. नेहमी. ते आमच्या अंगणाला उतार आहे, कार्मिनला विचार."

मी मान हलवली. हर्षवर्धन आमच्या दोघांकडे बघून हसला. "समजलं सर. सीक्रेट आहे. नाय सांगायचं तर नका सांगू."

चिंचेखाली गॉडफ्रे समजावून सांगत होता, "न वळणारा लेगब्रेक. सगळ्यात अवघड. मनगटाशिवाय जमत नाही."

"मीच सांगितलेलं त्याला," रॉबर्ट म्हणाला.

ॲन्सेल्मने त्यांनाही उतार सांगून पाहिला. गॉडफ्रेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठी माणसं अशीच साधी असतात." टीममधली त्याची जागा पक्की झाली. खुर्चीचं काय करायचं, हा प्रश्न होता. पेंट खरवडला तर प्लास्टिक खराब होतं. म्हणून ती टाळ्या वाजवून त्यालाच भेट दिली. स्कूटरवर तो पुढे आणि मी मागे, डोक्यावर खुर्ची धरून.

मला वाटलं, आता सराव संपला. काय गरज होती? सोमवारी सकाळी बघते तर त्याने ती खुर्ची ओट्याकडे तोंड करून उभी केलेली, पाठीवरचं नाव फाटकाच्या बाजूला. स्वतः फाटकापाशी जाऊन उभा.

"तिकडून कशाला?"

"इथून बावखल उजव्या हाताला येतं. लेगब्रेक डावीकडे वळायला हवा. उतार नाही म्हणतोय. नुसता सरळ गेला तरी मनगट वळलं म्हणायचं. बघू."

पहिला चेंडू उजवीकडे गेला, पाण्यात. दुसराही. रोज सकाळी तेच. पतपेढीत जायची वेळ होईपर्यंत हा टाकतोय आणि एलिसा झेला घेऊन काठावर कंटाळून उभी. गॉडफ्रे एकदा बघायला आला. दोन-चार चेंडू बघून हळहळला. "मनगट गेलं रे तुझं. मी म्हणत होतो." रॉबर्टने आपण काहीच सांगितलं नसल्याचं स्पष्ट केलं. मग अंगणात कुणी यायचं बंद झालं.

पावसाच्या तोंडावर एका सकाळी मी मासे साफ करत होते. अंगणातून आरोळी आली.

"कार्मिन! सरळ गेला!"

शेजारची प्रिस्का कुंपणावरून डोकावली. चेंडू सरळ गेला म्हणून एवढा ओरडणारा माणूस तिने बघितला नसेल. मी हात तसेच घेऊन बाहेर आले. चेंडू खुर्चीशी पडला होता आणि ॲन्सेल्मच्या नावातल्या 'न्से'वर मातीचा गोल ठसा होता.

"टप्पा कुठे पडला?"

त्याने बोटाने दाखवलं. मी झाडाखालचं एक लिंबू उचललं आणि त्या जागेवरून खुर्चीच्या दिशेने ढकललं. ते जरा सरळ गेलं, मग मुकाट्याने उजवीकडे वळलं. आम्ही दोघं ते पाण्यात पडेपर्यंत बघत राहिलो.