घोडाच राहू द्या

बुद्धिबळाला काही खर्च येत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला एकतर बुद्धिबळ येत नसतं, किंवा त्याचं लग्न झालेलं नसतं. विष्णुपंत साठ्यांना बुद्धिबळ येत होतं आणि त्यांचं लग्नही झालं होतं. त्यामुळे खर्चाची त्यांना पुरेपूर कल्पना होती. मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, तरी मांडवामागचा त्यांचा डाव संपला नव्हता. तेव्हापासून सासुरवाडीची आमंत्रणं वृंदाबाईंच्या एकटीच्या नावानं येत.

रविवारी ते बदलापूरहून निघत आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये टहिलरामच्या कुलपांच्या दुकानात जाऊन बसत. टहिलराम फाळणीत सिंधमधून आलेला. त्याला मराठी येत नव्हतं, आणि विष्णुपंतांचं हिंदी ऐकून गिऱ्हाइकं निघून जात. पण दोघांचं बुद्धिबळ एकच होतं, आपलं देशी. त्यात प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं, की ज्या घरात पोचलं त्या घरच्या मोहऱ्याचा हुद्दा त्याला मिळतो. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वशिला चालत नाही.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका वार्निशाच्या कारखान्यात कारकून होते. तिथे वशिला चालत असे, पण तो लावण्याइतकी ओळख करून घ्यायला त्यांना रविवार मोकळा मिळत नव्हता. म्हणून कारखान्याच्या चाळीत खोल्या रिकाम्या होत आणि भरत, आणि साठे कुटुंब बदलापुरात नदीकाठच्या मांजर्लीतच राही. मागच्या श्रावणात उल्हास नदी विचारपूस न करता थेट स्वयंपाकघरात आली होती. विष्णुपंतांच्या आईनं, माईंनी, ती रात्र पलंगावर टेबल आणि टेबलावर स्वतः अशी काढली. सकाळी खाली उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की पुढच्या खेपेला मला आधी मरू द्या.

त्रेपन्नच्या मे महिन्यात चाळीतल्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. उंचावर, आत नळ. आणि त्याच महिन्यात मॅनेजर हेमचंद्र साहेबांनी ऑफिसर्स क्लबात बुद्धिबळाचे सामने ठेवले. देशात लोकशाही आल्यामुळे यंदा कारकुनांनाही खेळायला परवानगी होती. साहेब वार्निश शिकायला विलायतेत राहून आले होते, तेव्हा नियम अर्थातच विलायती. हेडक्लार्क श्रीपादराव पहिल्याच फेरीत साहेबांकडून हरले, इतक्या लवकर, की साहेबांचा चहा गरम होता. विष्णुपंत मात्र खेळत खेळत शेवटच्या डावापर्यंत गेले, आणि समोर साहेब आले.

आदल्या दिवशी वृंदाबाई म्हणाल्या, "अहो, आजवर मी काही मागितलं नाही."

हे खरं नव्हतं.

"उद्या हरा. खोल्यांच्या कागदावर सही त्यांची व्हायचीय. पाण्यात उभी राहून मी पुन्हा भाकऱ्या थापणार नाही."

विष्णुपंतांनी टेबलाकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं, आणि हरायचं कबूल केलं. कबूल केलं म्हणजे मनापासून केलं.

पण हरणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. साहेबांचा खेळ असा होता, की त्यांच्याकडून हरायला जिंकण्यापेक्षा जास्त डोकं चालवावं लागे. विष्णुपंतांनी उंट उघड्यावर ठेवला; साहेबांना तो दिसला नाही. हत्ती दिला; साहेबांनी तो संशयानं तसाच सोडला आणि बऱ्याच वेळानं, दुसरं काही न सुचल्यामुळे घेतला. शेवटी मोठ्या कष्टानं विष्णुपंतांनी आपला राजा मातीत घातला. पुढच्या खेळीला साहेब मात करणार हे क्लबातल्या पंख्यालाही कळलं असतं. हातात एक खेळी उरली होती. कुठलीही चालली असती. त्यांनी सगळ्यात निरुपद्रवी म्हणून एक प्यादं पुढे सरकवलं. ते शेवटच्या रांगेत, घोड्याच्या घरात पोचलं. हाताला सवय होती. हातानं प्यादं उचललं, डब्यातला घोडा तिथे ठेवला, आणि तोंड म्हणालं, "घोडा."

क्लब हसला.

"विष्णुपंत, वजीर घ्यायचा असतो," श्रीपादराव म्हणाले. "विलायती आहे हे. घोडा कसला घेता? कॅम्पातल्या कुलूपवाल्याचं बुद्धिबळ इथे नाही चालत."

पुन्हा हशा झाला. विष्णुपंतांचे कान तापले, पण हात घोड्याकडे जाऊ लागला होता. वजीर तर वजीर, मरायचंच आहे.

तेवढ्यात साहेब बोलले. फार सौजन्यानं बोलले. "राहू द्या, श्रीपादराव. सवय असते एकेकाची. साठे, तुम्ही चूक दुरुस्त करून घ्या. वजीर घ्या. माझी मुळीच हरकत नाही."

दिलेला हत्ती घ्यायला इतका वेळ लावणारा माणूस आपल्याला फुकट वजीर का देतो आहे, हे विष्णुपंतांना कळेना. म्हणून त्यांनी पटाकडे नीट पाहिलं. साहेबांचा राजा स्वतःच्याच प्याद्यांच्या गर्दीत अडकून उभा होता. घोड्याचा त्याला शह होता. पळायला घर नव्हतं आणि घोडा मारायला कोणी नव्हतं. वजीर ठेवला असता तर यातलं काहीच नव्हतं.

त्यांनी मान वर केली. साहेब पटाकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे साहेबांना दिसलं होतं. विलायतेत प्याद्याचा घोडाही करता येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. सबंध डावात त्यांना दिसलेली ही पहिली गोष्ट.

"घ्या ना, साहेब एवढं म्हणतायत तर," श्रीपादराव कानाशी पुटपुटले. "चूक झाली म्हणा आणि मोकळे व्हा. खोल्यांचं मी बघतो."

विष्णुपंतांची हरायची तयारी होती. चुकायची नव्हती.

"घोडाच राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "शह आहे." आणि उगाच गैरसमज नको म्हणून पुढे म्हणाले, "मातही आहे."

घरी त्यांनी सगळं सांगितलं. वृंदाबाईंनी ताट वाढलं, आणि ते आपटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपादराव मांजर्लीत आले. स्वतः आले, म्हणजे धाडलेले आले. साहेबांच्या मनात काही नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. क्लबाच्या कमिटीला मात्र त्या घोड्याबद्दल शंका आहे. विष्णुपंतांनी नुसतं तोंडी सांगायचं, की मी देशी समजून चुकून ठेवला. मग डाव रद्द. "खोल्यांची किल्ली माझ्याच खणात आहे, हो," असंही ते म्हणाले.

विष्णुपंत काही बोलायच्या आत आतून वृंदाबाई चहा घेऊन आल्या.

"भावजी, साहेबांना आधी वाटलं का, की यांनी चूक केली म्हणून?"

"वाटलं म्हणजे काय वहिनी, म्हणून तर मोठ्या मनानं दुरुस्त करायला सांगितलं."

"आणि यांनी दुरुस्त केली असती तर साहेब जिंकले असते?"

श्रीपादराव चहा फुंकत राहिले.

"मग कमिटीला सांगा," वृंदाबाई म्हणाल्या, "हे चुकले नव्हते. बायकोला दिलेल्या शब्दाला चुकले, ते आमचं आम्ही बघू. मी काही यांना सोडलेलं नाही. पण साहेबांच्या लबाडीला स्वतःची चूक म्हणायला हे येणार नाहीत."

आतल्या खोलीतून माईंनी श्रीपाद आलाय का असं विचारलं, आणि आलाच आहे तर त्याला जाऊ देऊ नका, असंही सांगितलं. पावसाआधी तांदळाचं पिंप माळ्यावर चढवायचं होतं, आणि साठ्यांच्या घरात पुरुष म्हणजे एकटे विष्णुपंत.

श्रीपादरावांनी कोट काढून खुंटीला अडकवला. दुसरा इलाजच नव्हता.

"खालून धरा, भावजी," वृंदाबाई म्हणाल्या. "जड आहे. वर्षाचे तांदूळ आहेत."