उरलेला एक लेचोसो

मित्रांनो, कल्पना करा. तुम्ही सकाळी शाळेत जाता आणि पाहता, तर वर्गातली सगळी मुलं एकदमच म्हातारी झालेली! आमचं तसंच झालं. मी एक जुना लेचोसो आहे, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. जुना म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांचा. गालापागोस बेटांवर आमचं आयुष्य साधारण एवढंच असतं.

आम्ही सगळे एकाच पावसात उगवलो, बरोबरीने वाढलो. आमच्या फांद्यांवरच्या शेवाळातून धुक्याचं पाणी ठिबकायचं. खाली कासवं पेंगायची. शेजारचा शेतकरी सेगुंदो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "माझ्या कॉफीला यांचीच सावली!"

मग अतिपावसाचं वर्ष आलं. भिजून भिजून मुळं सुटली आणि माझे सोबती एकामागून एक कोसळले. मी तेवढा उरलो. वारा यायचा, पण माझ्या सळसळीला कुणाचं उत्तर नसायचं. पाखरंही दुसरीकडे गेली.

एके दिवशी सेगुंदोने आपली गाय पालोमा आणून माझ्या बुंध्याला बांधली. बरोबर त्याची मुलगी नेलिदा होती.

"पपा, इथे गाय नको ना. जंगल परत येऊ दे."

"कुठून येणार? बोटीने?" तो हसला. "मेलेलं लाकूड दूध देत नाही, बाळ. पालोमा देते. इथे आता गवतच पेरू."

तो कॉफी तोडायला गेला. नेलिदा माझ्यापाशी रुसून बसली. माती उकरता उकरता तिचं बोट थांबलं. ओंडक्यांच्या मधे, जिथे पूर्वी कधी ऊन पोचत नव्हतं, तिथे इवली इवली रोपं वर आली होती. तिने माझं गळलेलं पान एका रोपाशेजारी धरलं. तोच आकार, तीच लव.

"पपा! अहो, आलं! बोटीशिवाय आलं!"

"ओरडू नकोस, पोरी! हातातली टोपली सांडली माझ्या!"

मित्रांनो, आम्ही पडतो तेव्हाच आमच्या पिल्लांना ऊन मिळतं. त्यांची उंची पाहायला मी नसेन. म्हणून एवढंच मागतो, झाडं पडलेली जागा रिकामी समजू नका. आधी खाली वाकून बघा.

पालोमाने रोपांकडे मान वळवली. नेलिदाने झटकन माझ्या बुंध्याची गाठ सोडली, तिला ओढत नेऊन थेट घराच्या दाराला बांधलं, आणि परत येऊन माझ्याशेजारी राखणीला बसली.