साक्षीतून गाळलेल्या गोळ्या

देवाने आपलं काय भलं केलं ते दर रविवारी आमच्या मंडळीत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. साक्षीची वेळ झाली की पास्टर धनीराम आधी माझ्याकडे बघतात. कुंताबाई उभी राहिली की बायका रडतात, हा त्यांचा तीन वर्षांचा अनुभव. माझ्या रेणूला फिट यायच्या, प्रार्थनेनंतर थांबल्या, एवढीच माझी साक्ष. पण सांगता सांगता मी ती चांगली घोटून गुळगुळीत केली. पहिल्या वर्षीच्या साक्षीत फिट हळूहळू थांबल्या होत्या. यंदा त्या 'त्याच दिवशी' थांबायला लागल्या. आणि रेणू तुमसरच्या डॉक्टरच्या गोळ्या रोज दोन वेळा घेत होती, हे मी एकदाही बोलले नाही. गोळ्यांचं नाव काढलं तर प्रभूचा महिमा कमी होईल, असं वाटायचं. खोटं कुठे बोलते, फक्त गाळते, अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

खरा गाढवपणा पुढेच आहे. ऐकून ऐकून ती साक्ष मलाच खरी वाटायला लागली. भाताच्या रोवणीच्या तोंडावर मी रेणूच्या गोळ्या बंद केल्या. विश्वास आहे तर गोळी कशाला, असं तिलाच ठणकावलं. पंधराव्या दिवशी भर दुपारी ती भाताच्या बांधीत तोंडावर पडली. चिखलपाण्यातून तिचं डोकं वर काढताना माझ्या तोंडून येशूचं नाव निघालंच नाही. मी नुसती "माय वो, माय वो" ओरडत होते.

गोळ्या त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केल्या. रेणू दोन दिवसांत हिंडूफिरू लागली, मला मात्र झोप येईना. आधीही ती गोळ्यांनीच बरी होती का? मग ज्याच्यासाठी मी घरातला देव्हारा काढून टाकला, माहेर तोडलं, तो कुठे होता? गुडघे टेकले की प्रार्थनेऐवजी राग यायचा. त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

काल रविवारी माझ्या साक्षीबद्दल ऐकून बपेऱ्याहून जनाबाई नावाची एक बाई आली. सोबत तिची आठ वर्षांची गुड्डी, तिलाही तोच आजार. पास्टर म्हणाले, "कुंताबाई, साक्ष द्या." मी उठायच्या आत जनाबाईने माझा पदर धरून हळूच विचारलं, "बाई, तुमी पोरीच्या गोळ्या कवा बंद केल्या? मी आजपासून बंद करून राहिली."

मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या, बांधी, चिखल, सगळं. एकही बाई रडली नाही. पास्टर मान खाली घालून बायबलची पानं उलटत राहिले. मी जनाबाईकडे वळले. "गोळी बंद करू नको वो. माही पोर मरता मरता वाचली."

"मंग प्रार्थनेनं काहीच होत नाही का?"

"मले मालूम नाही."

आता ही उठून जाणार, असं वाटलं. मीही तिच्या मागोमाग निघणार होते, कायमची. पण तिने गुड्डीला माझ्यापुढे आणून बसवलं.

"मंग हिच्यासाठी तुमीच मांगा," ती म्हणाली. "तुमी तरी खरं बोलता."

मी गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. सगळे डोळे मिटून थांबले होते. शेवटी म्हणाले, "प्रभू, तू आहेस का नाही, मले समजून नाही राहिलं. पण ही पोर इथं बसली आहे. हिच्याकडे पाह्य."