मनकवड्या महाराजांची शिंक

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही, लावा पैज. दुसऱ्याच्या मनातलं वाचणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय. आणि त्यानं सगळ्यांत आधी वाचलं ते माझंच मन!

मध्य भारत नावाचं राज्य होतं, तेव्हाचे दिवस. सरकार उन्हाळा इंदुरात काढायचं, हिवाळा ग्वाल्हेरला. त्या उन्हाळ्यात सरकारपाठोपाठ मनकवडे महाराजही आले आणि बड्या गणपतीजवळच्या धर्मशाळेत उतरले. गर्दी अशी, की कचोरीवाल्यानं कढई उचलून दारातच मांडली.

रीत साधी. मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, पाकिटात घालायचा, पाकीट खळीनं चिकटवून परातीत टाकायचं. नाव लिहायचं नाही. महाराजांनी पहिलं पाकीट बंदच कपाळाला लावलं, डोळे पांढरे केले.

"बच्चा, तू पूछता है, तबादला उज्जैन होगा कि नहीं?"

"माझंच! माझंच हे!" मी ओरडलो.

महाराजांनी पाकीट फोडलं, चिठ्ठीवर नजर फिरवली, "बिलकुल यही लिखा है" म्हणाले आणि चिठ्ठी मांडीखाली सारली. मग दुसरं पाकीट, तिसरं पाकीट. एकही चुकेना. लोक पायांवर लोळायला लागले.

खरं मन वाचता आलं असतं ना, तर हा बाबा दुपारपर्यंत टिकला नसता. समोरच्या निम्म्यांच्या मनात कचोरी, उरलेल्यांच्या मनात शेजाऱ्याचं वाटोळं. डोकं फुटलं असतं बिचाऱ्याचं!

आमच्या गल्लीत जयसिंगराव राहायचे. आजोबा होळकरांच्या फौजेत, म्हणून नातवाच्या मिशा सदा सलामीत. त्यांच्या घरची मोहनमाळ हरवली आणि संशय नव्या सुनेवर, अंबिकेवर. तिची ट्रंक भरून दारात ठेवलेली. महाराज ‘हो’ म्हणाले, की सकाळच्या मोटारीनं देपालपूरला माहेरी, कायमची.

वरच्या मजल्यावर मुलींच्या शाळेतल्या सरलाबाई राहायच्या. त्या म्हणाल्या, "जयसिंगराव, अंबिकेला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? महाराज मन वाचतात."

"काल तिथं बसून पाहिलं मी. एकही चिठ्ठी ते कुणाला दाखवत नाहीत. बरं, आज माझंही एक पाकीट."

त्या दिवशीही परात भरली. पाच-सहा पाकिटं झाली. मग महाराजांनी एक कपाळाला लावलं. "घर की माला बहू ने ली या नहीं, यही ना?"

जयसिंगराव हात जोडून उभे. "होय महाराज!"

"ली है! उसके मन में चोर बैठा है!"

धर्मशाळेच्या दारात उभ्या अंबिकेनं पदर तोंडात कोंबला. महाराजांनी ऐटीत पाकीट फोडलं, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि... आऽऽक्छी! पुन्हा आऽऽक्छी! दाढीभर तपकीर.

सरलाबाई उठल्या. "जयसिंगराव, पाकिटात तपकीर तुम्ही घातली होतीत?"

"छे हो! मी कशाला घालू?"

"मी घातली. हे पाकीट माझं. तुमचं मघाशीच फुटलंय. यांच्या मांडीखाली बघा."

जयसिंगरावांची चिठ्ठी खरंच तिथं निघाली!

"पहिला प्रश्न यांच्याच माणसाचा, आधीच पाठ केलेला," बाई म्हणाल्या. "तो म्हणायचा आणि ताडून बघतो असं दाखवत फोडायचं भलत्याचंच पाकीट. त्यात जे वाचलं, ते पुढचं पाकीट कपाळाला लावून म्हणायचं. यांना मन नाही, चिठ्ठी वाचता येते. माझ्या तिसरीतल्या मुलींनाही येते! दुसऱ्याच्या मनातलं हवं असेल तर त्याला विचारा. त्यासाठी बाबा लागत नाही. अंबिकेला तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं?"

 जयसिंगराव अंबिकेकडे वळले. "सूनबाई, माळ घेतलीस?"

"नाही मामंजी."

संध्याकाळी ट्रंक रिकामी झाली. माळ दिवाळीत गव्हाच्या कोठीत सापडली. सासूबाईंनी स्वतःच लपवली होती आणि विसरल्या होत्या. महाराज शिंकत शिंकत जे गेले, ते गेलेच.

झाली गोष्ट. मी पानाला चुना लावायला घेतला. ओट्यावर अंबिकेची लेक मंजिरी ऐकत बसली होती.

"आजोबा, पहिला प्रश्न त्याच्याच माणसाचा असायचा ना?"

"एकदम बरोबर!"

"आणि आदल्या दिवशी पहिलं पाकीट तुमचं."

मी चुना जरा जास्तच लावला.

"शिवाय उज्जैनला बदली कुणाची होणार होती?" मंजिरी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आई तर सांगते, तुम्ही जन्मात कधी नोकरीच केली नाही!"