पाच माणसं, चार तिकिटं

गिरीशला प्रवासाचं फोल्डर करायची सवय आहे. मोटेलचं बुकिंग, भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स, तिकिटं, सगळ्याचे प्रिंटआउट, क्रमाने लावलेले. फोनवर सगळं असताना कागद कशाला, असं आमचा मिहीर दर वेळी विचारतो आणि गिरीश दर वेळी म्हणतो, "डोंगरात सिग्नल काय तुझा बाप देणार आहे?" तर त्या फोल्डरमध्ये, कोलोरॅडोतल्या मोटेलच्या टेबलावर, सकाळी साडेसहाला चष्मा शोधताना मला ती तिकिटं दिसली. पिन्यॉन रिज, कड्यातली प्राचीन घरं, रेंजरबरोबर एक तासाचा हाईक, सकाळी दहा. माणसं: चार.

आम्ही पाच जण होतो. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलेले मी आणि गिरीश, सांता क्लाराहून आलेले मिहीर, सून नैना आणि दहा वर्षांची नात अनया. मी अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत काम केलंय, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. परत वाचलं. चारच.

कोण वगळलं गेलं होतं, ते विचारायची गरज नव्हती.

आमच्या घरात पिशव्या मी सांभाळते. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. आम्ही मराठी माणसं तासाभराच्या फेरीलाही दुष्काळ पडल्यासारखं खाणं घेऊन निघतो. मेथीचे ठेपले, चिवडा, दडपे पोहे, गिरीशसाठी वेगळा बिनसाखरेचा लाडू. शिवाय मिहीर पडला सांता क्लाराकडच्या बे एरियाचा. तिकडे गाडीत बॅग दिसली की काच फुटलीच म्हणून समजा, त्यामुळे गाडीत काही ठेवायचं नाही हा त्याचा नियम, मग आजूबाजूला दहा मैल चिटपाखरू नसलं तरी. म्हणजे पिशव्या बरोबर आल्या, आणि पिशव्या आल्या म्हणजे त्यांच्याजवळ बसायला आई आली. नायगारा, यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन. या देशातली सगळी प्रसिद्ध ठिकाणं मी बाकावर बसून पाहिलीत. सगळे घामाघूम होऊन परत यायचे आणि माझं मन राखायला म्हणायचे, "वर काही विशेष नव्हतं गं, तू फार काही मिस केलं नाहीस."

या वेळी मात्र मी जायचं ठरवलं होतं, आणि तेही मार्चपासून. अनयाने शाळेत इन्का लोकांवर प्रोजेक्ट केला आणि पेरूला जाऊ या म्हणून हट्ट धरला. व्हिडिओ कॉलवर मी समोर बसलेली असताना मिहीर म्हणाला, "नको, आईला आल्टिट्यूड झेपणार नाही. इन्का नाही तर नाही, इथलंच काहीतरी बघू." मला विचारलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी गिरीश पिकलबॉल खेळायला गेल्यावर मी घरातला जिना चढायला लागले. फ्रिस्को म्हणजे पोळपाट, तिथे डोंगर कुठून आणायचा? सोळा पायऱ्या, वीस वेळा, पाठीवरच्या सॅकमध्ये चार किलोचा दुधाचा गॅलन. मे महिन्यात गॅरेजमधली शिडी भिंतीला लावून तीही चढले. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सल्ले आले असते.

आणि इतकं करून माझं तिकीटच नव्हतं! त्या क्षणी फोल्डर गिरीशच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पण तो ब्रश करत होता, आणि तोंडात फेस असलेल्या माणसाशी भांडण रंगत नाही. मी बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या.

पावणेदहाला आम्ही कड्याच्या माथ्यावर, टूर सुरू होते त्या फाटकाशी पोचलो. रेंजरबाईंचं नाव लोरेन. साठीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांनी नियम सांगितले: आधी पायवाटेने दरीत उतरायचं, मग तीस फुटी लाकडी शिडी चढून घरांत शिरायचं, बाहेर पडायला रांगत जायचा बोगदा, आणि शेवटी साखळी धरून कडा चढून परत याच जागेजवळ यायचं. बरोबर फक्त पाण्याची बाटली. हे ऐकताच आमच्या चारही पिशव्या, एखाद्याने शिट्टी वाजवावी तशा, माझ्या पायाशी येऊन पडल्या.

"आई, तू इथे सावलीत बस," मिहीर म्हणाला. "तासाभरात येतोच. There's even a bench."

"गिरीश, माझं तिकीट कुठाय?" मी विचारलं.

गिरीशने सवयीने फोल्डर उघडलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. "अगं, तू कुठे येतेस? तुला असलं आवडत नाही ना."

"असं कोणी सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे... तू कधी येतच नाहीस."

"तिकीट काढल्याशिवाय कशी येणार?"

नैना कावरीबावरी झाली. "आई, सॉरी. बुकिंग मी केलं. मिहीर चार म्हणाला, मी चार केली. I should have asked."

"आई, बी प्रॅक्टिकल," मिहीर म्हणाला. "ही नेहमीची ट्रेल नाहीये. शिडी आहे, टनेल आहे. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघते."

लोरेनबाईंनी यादी पाहिली आणि मान हलवली. दहाची टूर फुल्ल होती. चार तिकिटं, चार माणसं, कोण येणार ते ठरवा, म्हणाल्या, दोन मिनिटांत निघायचंय.

आता गप्प बसले तर झालं. आज सहासष्टाव्या वर्षी त्या बाकावर बसले की पुढे कायमची बसले, पेरू तर सोडाच, हे मला स्वच्छ कळलं. मी गिरीशसमोर हात पसरला.

"तुझं तिकीट दे."

"आणि मी?"

"तू बस. ठेपले खारींपासून सांभाळ."

चाळीस वर्षांच्या संसारात गिरीशला इतकं गोंधळलेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्याने वाद घातला नाही. कागद काढून हातात ठेवला आणि पिशव्यांच्या मधोमध बाकावर बसला.

उतरण सोपी होती. मिहीर दर चार पावलांनी मागे वळून बघत होता, आणि त्याने वळून बघितलं की मी मुद्दाम भराभर चालत होते. मग शिडी आली. जाड ओंडक्यांची, उन्हाने पांढरी पडलेली, कड्याला टेकवलेली. अनया माकडासारखी वर गेली. तिच्यामागून नैना. माझ्यामागे मिहीर राहिला, आई घसरली तर झेलायला.

दहा पायऱ्यांपर्यंत ठीक होतं. मग अनयाने वरून "Aaji, look!" अशी हाक मारली आणि मी नेमकं खाली पाहिलं. गॅरेजच्या शिडीखाली सिमेंट असतं. इथे झाडांचे शेंडे होते, आणि तेही फार फार खाली. हात ओंडक्याला असे चिकटले की सुटेनात.

"आई, it's okay," मिहीर खालून म्हणाला. "उतरू या. मी धरतो. Nobody will mind."

कोणाला काही वाटणार नाही! तेच तर. आजवर कधी कोणाला काही वाटलं नव्हतं. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना स्वभाव. ब्लड बँकेत याच रागाच्या जोरावर मी दोन सर्जनना माफी मागायला लावली होती. त्या वाक्याने मी अशी संतापले की हात आपोआप सुटला आणि वरच्या पायरीवर पडला. नायगारा, मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. पुढची पायरी यलोस्टोन, तिथे भर उन्हात चौघांची जॅकेटं मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्यावरची योसेमिटी. ग्रँड कॅन्यनसाठी दोन पायऱ्या घेतल्या, कारण तिथे दोनदा बसवलं होतं.

"आई, काय बोलतेयस?" मिहीरने विचारलं.

"तुझ्याशी नाही बोलत. चढ!"

बाकं संपली नाहीत, शिडी संपली. वर लोरेनबाईंनी माझा दंड धरला आणि मी सपाट दगडावर उभी राहिले. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला होता, तो पुसून समोर पाहिलं.

काही विशेष नव्हतं म्हणे! अख्ख्या डोंगराने तोंड उघडून आत एक गल्ली जपून ठेवली होती. दगडाच्या एकावर एक खोल्या, लहान चौकोनी खिडक्या, काजळीने काळं झालेलं छत, धान्याची कोठारं. आणि ओळीने मांडलेले दळायचे दगड, आपल्या पाट्यासारखेच, मधे झिजून खोलगट झालेले. लोरेनबाईंनी एका भिंतीजवळ टॉर्च धरला. दगडांमधल्या मातीत बोटांचे ठसे होते. आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओली माती दाबून बसवली होती, आणि बोटं माझ्या बोटांएवढीच होती. हे बांधणारे इथले मूळ रहिवासी, त्यांचे स्वतःचे पूर्वज, असं लोरेनबाईंनी सांगितलं. तेव्हा ही शिडी नव्हती. बायका कड्यात खोदलेल्या खोबणींत हातपाय रोवून चढायच्या, पाण्याची मडकी आणि पाठीवर पोरं घेऊन.

"So they carried the bags up," अनया म्हणाली.

मी तिचा मुका घेतला. या पोरीला कुठून सुचतं कोण जाणे.

बोगद्यात रांगताना गुडघे बोलले, पण फार नाही. शेवटचा कडा साखळी धरून चढताना मी मिहीरच्या पुढे होते. मी माथ्यावर पाऊल ठेवलं तेव्हा टूरमधल्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. मी त्या लाजून घेतल्या नाहीत. चांगल्या हात वर करून घेतल्या. मिहीर वर आला, धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सॉरी, आई. पाच म्हणायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हटलं. बरं, असू दे वगैरे म्हणाले नाही.

गिरीश बाकावर तसाच होता. चिवड्याची पिशवी एका कावळ्याने फाडली होती आणि गिरीशची टोपी कुठेतरी उडून गेली होती. मला वाटलं, आता कसं होतं म्हणून विचारेल. तो म्हणाला, "आसावरी, हा तास जाता जाईना गं. तुम्ही कुठवर पोचलात तेही कळेना. खालून हसण्याचे आवाज यायचे. तू कशी बसायचीस?"

चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. शिडीवर जे आलं नाही ते रडू आता आलं. "वाईट वाटायचं," मी म्हटलं. "दर वेळी फार वाईट वाटायचं, गिरीश." त्याने माझा हात धरला.

इतक्यात लोरेनबाई आल्या. बाराच्या टूरची दोन माणसं येणार नाहीत, म्हणाल्या, साहेबांना बघायचं असेल तर एक जागा आहे.

"दोन आहेत ना?" मी विचारलं. "दोन्ही द्या."

"आई, परत?" मिहीर ओरडला. "You just did it!"

"एकदाच केलंय," मी म्हटलं. "तुम्ही जेवून घ्या."

शिडीच्या पायथ्याशी गिरीशने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. सत्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर पूल बांधले, पण घाबरला. "बापरे. जमेल का गं मला?"

"जमेल," मी म्हटलं. "आधी मी जाते. तू माझ्या मागून ये."

आणि तो आला.