चतुराबाईच्या मुठीतला पाला

मी बांधावरचं रानफूल बोलतोय. सोनपेठच्या गाडीवाटेला, दगडांच्या सांदीत माझं घर. मला कुणी पेरलं नाही. वाऱ्यानं आणून टाकलं नि मी रुजलो. वीतभर देठ, त्यावर पिवळ्या डोळ्याचं एकच बारीक फूल. देवाला कुणी वाहत नाही, वेणीत माळत नाही. तरी माझी मान ताठ असते, कारण वाहतं रक्त थांबवायची ताकद माझ्या पानांत आहे.

निजामाच्या राज्यात आमच्या गावी ही गोष्ट एकट्या चतुराबाईला ठाऊक होती. ती पदराआड पानं खुडायची, मुठीत चोळून जखमेवर रस पिळायची. पण पाला कसला, ते सांगायची नाही. "नाव फुटलं की गुण जातो," म्हणायची.

एकदा गहू कापताना शांतम्माची तीन वर्षांची गिरिजा विळ्यावर पडली. पोटरीचं रक्त थांबेना. बांधलेली चिंधीही भिजली. चतुराबाई सोनपेठच्या बाजाराला गेलेली, नि दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर.

सासू बसम्मानं पोटरी दाबून धरली. शांतम्मा बांधाकडं धावली. मागं तिच्या कापलेल्या बोटाला चतुराबाईनं रस लावला होता. त्याचा वास तेवढा ध्यानात होता. एकेक पाला चुरगाळून हुंगत ती माझ्यापाशी थांबली.

"हाच वाटायलाय."

"मग आण की," बसम्मा शेतातून ओरडली. "हुंगत काय बसलीस, भाजी निवडायलीस का?"

"इखारी असला म्हंजे?"

शांतम्मानं कमरेला खोचलेल्या विळ्यानं आधी स्वतःचं बोट कापलं. त्यावर माझा रस पिळला नि टक लावून बघत राहिली. रक्त थांबलं. तशी मला मुठीनं ओरबाडून ती लेकराकडं पळाली. तुटताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सांजच्याला बाजारातनं परतलेल्या चतुराबाईनं गिरिजाची पोटरी बघितली. रक्त थांबलं होतं, माझा चोथा अजून जखमेवर होता. दारात बाया जमलेल्या.

"कुणी सांगितलं गं तुला?"

"कुणी न्हाई. वासावरनं हुडकलं."

"आता चारचौघीत नाव फोडू नको."

"नाव कुठं ठाऊक हाय, मावशी? ठाऊक असतं तर पाला पारखायला हे कापलं असतं का?" शांतम्मानं बोट पुढं केलं.

चतुराबाईनं ते बोट हातात धरून बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दगडी पाला. आपल्याच बांधाला हाय."

माझा गुण गेला नाही. मुळं शाबूत होती, आठवड्यात पुन्हा फुटलो. आता वाटेनं जाणाऱ्या आया कडेवरचं लेकरू खाली वाकवून मला दाखवतात. तुम्हीही दाखवा, आणि नाव घेऊन दाखवा.